ध्येय असं लिहा, की सोमवारी काय करायचं ते कळेल

१ जानेवारीला ठरवलेल्या बऱ्याच गोष्टी संक्रांतीच्या तिळगुळापर्यंतच टिकतात. खापर आळसावर फुटतं. दोष बहुतेक वेळा ध्येय लिहिण्यातच असतो.

आधी एकच ध्येय घ्या. वजन, इंग्रजी आणि बचत तिन्ही एकदम धरली की तिन्ही सुटतात.

मग ते कोणाचं आहे ते तपासा. वहीत लिहा: हे जमलं आणि गावात, भावकीत, स्टेटसवर कोणालाच कळलं नाही, तरी मला हवं आहे का? साताऱ्या-कराडच्या मैदानांवर पहाटे भरतीसाठी धावणाऱ्यांत वर्दी मनापासून हवी असलेले असतात, तसे घरचा तगादा चुकवायला आलेलेही. पहिल्या महिन्यात दोघं सारखेच पळतात, फरक पावसाळ्यात दिसतो. उत्तर 'नाही' आलं तर त्यातला आपला तुकडा शोधा. वर्दीपेक्षा स्वतःच्या कमाईवर स्वतंत्र राहणं हवं असेल, तर ध्येय म्हणून तेच लिहा. भरती ही मग तिथं पोचायची एक वाट झाली. तसा तुकडाही सापडत नसेल तर ध्येय खोडा. दुसऱ्याच्या हौसेवर वर्षभर पहाटे उठता येत नाही.

'मोबाइल कमी करणार' असं नकारी वाक्य लिहू नका. त्या वेळात काय करणार ते लिहा.

फोड: इथंच गाडं अडतं

सांगलीच्या वाळवा, पलूस भागात एकरी शंभर टन उसाचं ध्येय ठेवणारे शेतकरी पुष्कळ. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात, तोड सोळा-अठरा महिन्यांनी. इतक्या लांबच्या आकड्यासाठी रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला कोणी उठत नाही. म्हणून जाणता शेतकरी तो आकडा फोडतो. १०० टन म्हणजे १ लाख किलो. एक ऊस अडीच किलोचा धरला तर तोडीला एकरी ४०,००० ऊस उभे हवेत. पाच फुटी सरी असेल तर एकरात सरीची एकूण लांबी ८,७१२ फूट भरते, म्हणजे दहा फुटांत साधारण ४६ ऊस. आता टेप घेऊन शेतात जायचं आणि मोजायचं. ३८ भरले तर कुठं चुकलं ते शोधता येतं: नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायच्या राहिल्या, फुटवे कमी पडले की बांधणी (बुडाशी माती चढवणं) चुकली. स्वप्न होतं त्याचं या आठवड्याचं काम झालं.

तुमच्या ध्येयाची अशीच फोड करा. 'सातारा हिल हाफ मॅरेथॉन पुरी करणार' हे शंभर टन झालं. २१ किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. त्याची फोड अशी: आठवड्यातून तीनदा धावणं, त्यातलं एकदा चढावर, आणि लांबच्या धावेत दर आठवड्याला जास्तीत जास्त एक किलोमीटरची वाढ.

फोड करताना दोन चुका हमखास होतात. पहिली, फोडलेला तुकडाही निकालच राहतो. 'आठवड्याला अर्धा किलो वजन कमी' हे काम नव्हे. वजनकाटा पाण्यानं, मिठानंही हलतो. सात दिवस सगळं पाळून काटा वर गेला की माणूस आठव्या दिवशी भेळेच्या गाड्यावर. त्याऐवजी लिहा: रात्रीचं जेवण आठच्या आत, भात एक वाटी, आठवड्यातले सहा दिवस. कसोटी एकच ठेवा. रविवारी रात्री 'केलं' किंवा 'नाही केलं' एवढंच सांगता यावं, आणि ते करणं पूर्ण माझ्या हातात असावं.

दुसरी चूक, आकडा पहिल्या दिवशीच्या जोशात ठरतो. यावर 'मग सोपं ध्येय ठेवा' हा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून हेच दिसलं, की 'जमेल तेवढं कर' यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करून घेतं. अट एवढीच, की ते त्याला मान्य हवं. म्हणून आकडे दोन लिहा. नेहमीचा आकडा जरा ताणणारा ठेवा: पाच किलोमीटर, वीस पानं. किमान आकडा इतका लहान, की तो चुकवायची लाज वाटावी: दहा मिनिटं, दोन पानं. वाईट दिवशी किमान आकडा पुरा केला की तो दिवस पूर्ण धरायचा, त्यात अर्धे गुण नाहीत.

उरलेलं

अडचणी आधीच 'जर-तर'मध्ये लिहून ठेवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं या पद्धतीचा बराच अभ्यास केला आहे. पाऊस असेल तर जिना वीस वेळा. कामावर पहिली पाळी असेल तर संध्याकाळी सहाला. पाहुणे आले तर किमान आकडा, तोही ते उठायच्या आत. तीन-चार ओळी पुरेत. अडचण ऐन वेळी सोडवायला बसलं की हरणं ठरलेलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पेनानं खूण करा. ॲप नको, ते उघडायला गेलेला माणूस रील बघत बसतो.

स्टेटसला जाहीर करू नका. शुभेच्छांतच अर्धं समाधान मिळून जातं. दर रविवारी 'काय झालं?' असं तोंडावर विचारणारा एक माणूस नेमा. नवराबायकोनं एकमेकांना नेमलं तर भांडणं होतात.

'२१ दिवसांत सवय लागते' ही थाप आहे. लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा निघाला. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर दचकू नका.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. उसात नांगी पडली तर तेवढीच भरतात, शेजारच्या सरीत दाटी करत नाहीत.

चौथ्या रविवारी खुणा मोजा. काम रोजचं असेल आणि २८ पैकी २० च्या वर खुणा असतील तर नेहमीचा आकडा थोडा वाढवा. १० ते २० असतील तर वेळ किंवा जागा बदला, आकडा तोच ठेवा. दहाच्या आत असतील आणि किमान आकडाही निघत नसेल, तर ध्येय कोणाचं आहे ते पुन्हा तपासा.