नव्या जोडीदारानंतर पुरळ दिसलं तर

नव्या जोडीदाराशी संबंध आल्यावर चौथ्या दिवशी मला जांघेत लाल पुरळ दिसलं आणि मी रात्रभर मोबाइलवरचे फोटो ताडून पाहत बसले. तुम्ही ते करू नका. नुसत्या फोटोवरून डॉक्टरांनाही नेहमी खात्री देता येत नाही.

आधी दिवस मोजा. हर्पिस या संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूजन्य आजाराचे फोड साधारण 2 ते 12 दिवसांत उठतात, झोंबतात. सिफिलिस या संबंधांतूनच पसरणाऱ्या आजाराचा व्रण बहुधा 3 आठवड्यांच्या आसपास येतो आणि दुखत नाही, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. ब्लेडने केस काढले होते का, नवं वंगण वापरलं का, हेही आठवा. माझं पुरळ शेवटी बुरशीचं निघालं.

घरात उरलेलं मलम मात्र लावू नका. मी लावलं. त्यात स्टेरॉइड होतं. खाज दोन दिवस थांबली, मग चट्टा दुप्पट पसरला. तपासणी होईपर्यंत कोमट पाणी आणि सैल सुती कपडे पुरेत.

फोड ताजे असतानाच तपासणीसाठी स्वॅब, म्हणजे काडीने घेतलेला फोडातला नमुना, द्या. खपली धरल्यावर विषाणू सापडणं अवघड जातं. कंडोम नव्हता किंवा फाटला, तर पुरळाची वाटच पाहू नका: एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या संबंधानंतर 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. ताप आला, लघवी अडली किंवा गर्भवती असाल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निदान होईपर्यंत संबंध टाळा. जोडीदाराला मी एवढंच लिहिलं: ‘मला पुरळ आलंय, तपासायला चाललेय. तूही तपासून घे.’