परसातला काँक्रीटचा तलाव: कामाचा क्रम आणि ठेकेदाराशी व्यवहार

पोहण्याच्या तलावातलं महत्त्वाचं काम शेवटी झाकलं जातं. पाइप, सळया, जोड, सगळं टाइलमागे नाहीतर मातीखाली. मालकाने रोज उन्हात उभं राहायची गरज नाही. काहीही झाकण्याआधी मात्र त्याला बोलवायचं, ही अट करारातच असावी.

जागा, माती, माप

मोठ्या झाडांपासून लांब जा; मुळं पाइप शोधत येतात आणि पाचोळा फिल्टर तुंबवतो. जमिनीखालून ड्रेनेज किंवा केबल गेलीय का, ते पाहा. मग तलावाच्या सर्वांत खोल भागापेक्षाही थोडा खोल चाचणीखड्डा घ्या, शक्यतो जमीन ओली असताना. त्यात पाणी झिरपलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आराखड्याआधीच सांगा. भूजल वर असेल तर रिकामा तलाव खालच्या दाबाने चक्क उचलला जातो, पाइप तुटतात. त्यासाठी तळाखाली खडीचा थर आणि तळात दाब सोडणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह देतात.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावतं. ते ६ तासांत एकदा फिल्टरमधून फिरवायचं तर पंपाने तासाला ७,५०० लिटर द्यायला हवं. हा हिशेब कोटेशन वाचण्याआधी करून ठेवा.

ठेकेदार निवडताना

नुकताच भरलेला तलाव सगळ्यांचाच सुंदर दिसतो. तीन-चार वर्षं वापरात असलेला दाखवायला सांगा आणि तिथल्या मालकाला दोनच गोष्टी विचारा: पाणी वरचेवर भरावं लागतं का, आणि तक्रार केल्यावर माणूस आला का.

सगळ्यांकडून एकाच आराखड्यावर दर मागवा, नाहीतर तुलनाच होत नाही. भिंतीची जाडी, सळईचा व्यास आणि अंतर, काँक्रीटची ग्रेड, पंप-फिल्टरचं मॉडेल, निघालेली माती कुठे जाणार, हे लेखी हवं. खडक लागला तर दर काय, आणि पाणी लागलं तर उपशाचा खर्च कोणाचा? भांडणं बहुतेक या दोन प्रश्नांवरूनच होतात.

पैसे तारखेवर नव्हे, टप्प्यावर द्या: खोदाई, सळई-पाइपची तपासणी, काँक्रीट, गळतीची चाचणी, टाइल. पाच-दहा टक्के शेवटपर्यंत हातात ठेवा. सुरुवातीलाच अर्ध्याहून जास्त उचल मागणारा ठेकेदार मला तरी नको वाटतो. बदल सुचला तर मिस्त्रीला परस्पर सांगू नका. ठेकेदाराकडून वाढीव दर आणि दिवस लिहून घ्या, मगच काम.

काँक्रीटआधीचा दिवस

हा दिवस चुकवू नका. सळया कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सळई जमिनीपासून वर धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर, उचललेल्या हव्यात. खाली विटांचे तुकडे असतील तर काढायला लावा. वीट ओल धरते आणि सळई गंजते. पाइपांत दाब भरून गेज लावा आणि काँक्रीट पडेपर्यंत तो तसाच ठेवा. काटा उतरला की कुठेतरी पाइप फुटला हे तिथल्या तिथे कळतं.

तळाला उपशाची तोंडं दोन हवीत, निदान ९० सेंटिमीटर अंतरावर, फुगीर सुरक्षित जाळीची. एकच तोंड असेल तर त्याच्या ओढीत केस किंवा अंग अडकून माणूस बुडू शकतो. इथे तडजोड नाही. सळया आणि इतर धातूचे भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एकमेकांना जोडून घ्या. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, आणि सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). मग टेप धरून प्रत्येक पाइपचे फोटो काढा.

काँक्रीट

काँक्रीट फवारून करणार असतील तर भिंतीवरून उसळून खाली पडलेला माल पुन्हा भिंतीत जाता कामा नये. शटरिंग (फळ्यांचा साचा) लावून करणार असतील तर काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरायला हवा, आणि तळ व भिंतीच्या जोडात पाणी अडवणारी वॉटरस्टॉप पट्टी हवी. माल घट्ट वाटतो म्हणून पाणी ओतू देऊ नका, ताकद तिथेच जाते. पुढे किमान ७ दिवस काँक्रीट सतत ओलं ठेवा, १४ ठेवलेत तर उत्तम.

गळतीची चाचणी

वॉटरप्रूफिंग, टाइल आणि शटरिंगच्या भिंतीमागचा भराव, या सगळ्यांच्या आधी. इंजिनिअरने होकार दिला की पाणी भरा. काँक्रीट आधी थोडं पाणी पितं, म्हणून दोन-तीन दिवस थांबून पातळीची खूण करा. तलावाच्या पायरीवर एक भरलेली बादली ठेवा आणि तिच्यावरही खूण करा. बादलीतली घट म्हणजे बाष्पीभवन. तलाव त्याहून जास्त उतरला तर गळती आहे. ‘वॉटरप्रूफिंगने थांबेल’ असं ऐकायला मिळेल. थांबवू द्या, पण आधी भेग शोधून बुजवू द्या, चाचणी पुन्हा होऊ द्या आणि तोवर त्या टप्प्याचा चेक रोखून धरा.

पुढचं काम

वॉटरप्रूफिंग, टाइल, काठ. भोवतालच्या फरशीचा उतार तलावापासून बाहेर जाणारा हवा. पाणी भरण्याआधी निदान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८, मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम.

राखून ठेवलेली रक्कम द्यायच्या आधी ठेकेदाराच्या माणसासमोर पंप तुम्ही स्वतः चालवा, फिल्टर उलटा धुऊन बघा, प्रत्येक व्हॉल्व्हवर नावाची पट्टी लावून घ्या आणि प्रत्यक्षात झालेल्या कामाचा नकाशा ताब्यात घ्या.