व्यवसायाच्या ब्लॉगसाठी विषय शोधताय? या चुका टाळा

"मॅडम, विषय संपले." ब्लॉग सुरू होऊन तीन-चार महिने झाले की हा मेसेज येतोच. पाठवणारा कधी फर्निचरवाला असतो, कधी हापूसचा बागायतदार, कधी दातांचा डॉक्टर. मी छोट्या व्यावसायिकांच्या ब्लॉगचं संपादन करते. या मेसेजवर माझा प्रश्न ठरलेला असतो : आज गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं? पलीकडून थोडा वेळ काहीच येत नाही. मग येतं, "विशेष काही नाही, नेहमीचंच."

ते नेहमीचंच तर हवं असतं. रोज दहा माणसांशी बोलणाऱ्या व्यावसायिकाकडे विषयांचा तुटवडा असूच शकत नाही. तो विषय भलत्याच ठिकाणी शोधत बसतो, एवढंच मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

शाळेतल्या निबंधाचे विषय घेणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मला सगळ्यात जास्त त्रास देणारी. 'सौर ऊर्जा : काळाची गरज', 'दातांच्या आरोग्याचे महत्त्व', 'घर सजवण्याचे दहा सोपे उपाय'. असे लेख कोणीही लिहू शकतं आणि म्हणूनच ते कोणी वाचत नाही. ज्याला घरावर सोलर बसवायचाय त्याला सौर ऊर्जेचं महत्त्व आधीच पटलेलं असतं. त्याचं घोडं दुसरीकडेच अडलेलं असतं.

सातारा-सांगली पट्ट्यात घरांवर सोलर बसवून देणारी एक छोटी कंपनी आहे. दोघे भाऊ मिळून चालवतात, कामाला चोख. त्यांच्या ब्लॉगवर दीड-दोन वर्षांचे लेख होते आणि सगळेच्या सगळे असे निबंधवजा. वाचक नाहीत, चौकशी नाही. थोरले बंधू म्हणाले, "लोकांना मराठीत वाचायचंच नसतं." मी त्यांना नवे विषय दिले नाहीत. त्यांच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या मुलीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

ती कोटेशनच्या पॅडवर नाव-गाव लिहून घ्यायची आणि बोलायची. सकाळपासून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नाही दादा, लाईट गेली की तो सोलर पण बंद होतो." समोरचा माणूस दर वेळी चकित व्हायचा. डोक्यावर ऊन आहे, छतावर प्लेटा आहेत, मग घरात अंधार का? मग ती समजावायची : हा ऑन-ग्रिड सोलर आहे, महावितरणच्या लाईनला जोडलेला. लाईन बंद झाली की सोलरचा इन्व्हर्टर (प्लेटांची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, घरातला बॅटरीचा नव्हे) आपोआप थांबतो. नाहीतर आपली वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रिड घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा.

एवढं सुंदर, स्पष्ट, ऐकणाऱ्याच्या कामाचं बोलणं ती रोज करत होती आणि त्यातलं एक अक्षर ब्लॉगवर नव्हतं.

दिवसभरात पॅडच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न जमत गेले. 'सोलर बसवल्यावर बिल शून्य येतं का?' (येत नाही. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.) 'एक किलोवॅटला जागा किती लागते?' (सावली नसलेली साधारण शंभर चौरस फूट.) 'रोज किती युनिट मिळतात?' (एक किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर चारच्या आसपास. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.) 'सबसिडी हातात किती येते?' 'बोअरच्या पाण्याने प्लेटा धुतल्या तर चालतं का?' 'पत्र्यावर बसतो का?' 'शेजाऱ्याने मजला चढवला आणि सावली आली तर काय?' यातला प्रत्येक प्रश्न एकेक पूर्ण लेख आहे.

थोरल्या बंधूंचा आक्षेप ठरलेला होता. "हे सगळ्यांना माहीत असतं हो, यात काय लिहायचं?" सगळ्यांना माहीत असतं तर फोन का येतात? जी गोष्ट आपण रोज सांगतो ती आपल्याला फार साधी वाटायला लागते. विषय नजरेतून निसटतात ते इथेच. धाकट्यांचा आक्षेप वेगळा, आणि जास्त खरा होता : "लाईट गेल्यावर चालत नाही हे आधीच सांगितलं तर गिऱ्हाईक पळून जाईल." जाईल ना, एखादं जाईल. पण सोलर बसल्यावर पहिल्यांदा लाईट गेली की तोच माणूस अख्ख्या गल्लीत सांगेल की मला फसवलं. ते नुकसान कितीतरी मोठं आहे.

शेवटी 'लाईट गेल्यावर छतावरचा सोलर चालतो का?' हाच पहिला नवा लेख झाला. शब्द त्या मुलीचे, मी फक्त वाक्यं सरळ केली. आता साईट बघायला जाण्याआधी ते लोक हा लेख गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवतात. माणूस वाचून बसलेला असतो आणि पुढचं बोलणं थेट किती किलोवॅट आणि कुठे, इथून सुरू होतं.

तुमच्याकडे फोन कोण घेतं, काउंटरवर कोण उभं राहतं, माल पोचवायला कोण जातं, त्यांना विचारा. मालकाला विषय सुचत नाहीत, कारण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मालकापर्यंत पोचतच नाही.

सणांच्या तारखांवर ब्लॉग चालवणं

गुढीपाडव्याला शुभेच्छा, दिवाळीला शुभेच्छा, मधे जागतिक अमुक दिन. ते स्टेटसला ठेवा, ब्लॉगवर नको. दुसऱ्या दिवशी त्या लेखाचा कोणालाच उपयोग नसतो.

यंत्राला 'पन्नास विषय दे' म्हणणं

सध्याचा लाडका शॉर्टकट. चॅटजीपीटीला सांगायचं, 'माझा फर्निचरचा व्यवसाय आहे, ब्लॉगसाठी विषय सुचव', आणि आलेली यादी वर्षभर पुरवायची. ती यादी तुमच्या पलीकडच्या दुकानदारालाही तशीच मिळते, कारण त्यात तुमच्या दुकानातलं काहीच नसतं. तुमच्याकडे येणारी माणसं प्लायवुड आणि एमडीएफमध्ये गोंधळतात, की सागवान म्हणून दुसरंच लाकूड गळ्यात मारतील म्हणून घाबरतात, हे यंत्राला कुठून कळणार?

त्या यादीवरून यंत्राकडूनच धडाधड लेख लिहून टाकणारे तर स्वतःच्या साइटचं नुकसान करून घेतात. गूगलने मार्च २०२४ मध्ये आपले स्पॅमचे नियम कडक केले. सर्चमध्ये वर यायचं म्हणून घाऊक भावात पाडलेला, वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर त्यात स्पॅम ठरतो, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

यंत्र वापरायचंच असेल तर उलट्या बाजूने वापरा. आधी गिऱ्हाइकांचे प्रश्न स्वतः जमवा, मग ते एकत्र देऊन विचारा की यातले कोणते प्रश्न एकाच लेखात बसतात. तेवढी मदत चांगली होते. पण जमवण्याचं काम तुमचंच. त्याला दोन आठवडे लागतात आणि नव्या लोकांना ते दोन आठवडेच नको असतात. सोमवारी ब्लॉग सुरू केला की शुक्रवारी चौकशी यायला हवी. तसं होत नाही.

कीवर्ड टूलमध्ये शून्य दिसलं म्हणून विषय टाकून देणं

चांगला विषय हाताशी असतो, मग कोणीतरी तो कीवर्ड टूलमध्ये (एखादे शब्द महिन्यात किती वेळा सर्च होतात त्याचा अंदाज देणारं साधन) टाकून बघतं, 'महिन्याचे सर्च : ०' असं दिसतं आणि विषय बाद. मराठीसाठी या आकड्यांवर इतका विश्वास ठेवू नका. एकच प्रश्न लोक दहा प्रकारे टाइप करतात. कोणी देवनागरीत, कोणी मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, कोणी अर्धं हिंदी, कोणी बोलून. प्रत्येक प्रकार सुटा मोजला की आकडा दिसेनासा होतो, माणसं मात्र असतात. तुम्हाला आठवड्यात चार जणांनी विचारलेला प्रश्न टूलमध्ये शून्य दाखवत असेल, तर मी टूल बाजूला ठेवते.

टूल हवंच असेल तर गूगल सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे, आणि लोक काय टाइप करतात तेव्हा तुमची साइट समोर येते हे दाखवतं. त्यात १६ महिन्यांपर्यंत मागे जाता येतं, त्यामुळे गेल्या सीझनला काय चाललं होतं तेही दिसतं. मी त्यात एकच गोष्ट बघते : कोणत्या प्रश्नांना आपली साइट दिसते खरी, पण कोणी क्लिक करत नाही. बहुतेक वेळा त्या प्रश्नाचं उत्तर आपण दुसऱ्याच लेखात ओझरतं दिलेलं असतं. ते बाहेर काढून स्वतंत्र लिहायचं. विषय तयार.

सीझन सुरू झाल्यावर विषय शोधायला बसणं

आंबेवाल्यांचं दर वर्षी हेच होतं. एप्रिलच्या शेवटी फोन : "हापूसवर काहीतरी लिहायचंय." तेव्हा पेट्या भरायलाच माणसं पुरत नाहीत, आणि लेख गूगलवर दिसायला लागेपर्यंत पाऊस दाराशी आलेला असतो. आंब्याचे लेख जानेवारीत तयार हवेत. विषय मात्र मे महिन्यातच जमवायचे, गिऱ्हाईक चिडलेलं असतं तेव्हा, म्हणजे आदल्या वर्षीच.

तक्रारीइतका चांगला विषय दुसरा नाही. 'पेटी उघडली, आंबे हिरवेच आहेत, कच्चे पाठवलेत का?' यावर एक लेख : आंबा फ्रिजमध्ये टाकू नका, पेंढ्यात किंवा कागदावर एका थरात पसरा, रोज हात लावून बघा, वास सुटला की खायला घ्या, फ्रिज त्यानंतर. 'वरून छान होता, कापल्यावर आत पांढरट, फोफशी गाठ निघाली' यावर दुसरा लेख : तो साका. वरून ओळखता येत नाही, कापल्यावरच कळतो. असे आंबे निघाले तर आम्ही बदलून देतो की नाही, फोटो कधीपर्यंत पाठवायचा, सगळं स्पष्ट लिहायचं. हा लेख लिहायला बागायतदार कचरतात. आपल्याच मालाची खोट आपण कशी सांगायची, असं त्यांना वाटतं. पण साका कोकणातल्या प्रत्येक बागेत निघतो, आणि तो काय आहे हे आधीच सांगणाऱ्यावर शहरातला माणूस विश्वास ठेवतो. हे मी अगदी कळकळीने सांगते.

२०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय मानांकन (ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं अशी सरकारी नोंद) मिळालं. त्याच्या अभिमानाचा लेख मला आंबेवाल्यांच्या बहुतेक साइटवर दिसतो. पण कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून गळ्यात मारला जातो तेव्हा पुण्यातल्या माणसाने विक्रेत्याला नेमकं काय विचारायचं, हा लेख फार कमी ठिकाणी दिसतो. जीआयसाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी आहे का, एवढं विचारायला शिकवलं तरी लेखाचं काम झालं.

किमतीचा विषय टाळणं

'भाव ब्लॉगवर टाकला तर स्पर्धक बघतील.' स्पर्धकाला तुमचा भाव केव्हाच माहीत असतो, फक्त गिऱ्हाइकाला नसतो. नक्की आकडा देता येत नसेल तर भाव कशावर ठरतो ते लिहा. सोलरवाल्यांसाठी हे फार सोपं आहे, कारण सरकारी आकडे उघड आहेत : घरावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये सबसिडी मिळते. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठा बसवला तरी तेवढेच. ही शेवटची ओळ लोकांना माहीत नसते आणि ते पाच किलोवॅटचं गणित चुकीचं मांडून बसतात. 'पाच किलोवॅटला सबसिडी जास्त मिळते का?' हा आणखी एक विषय.

आणखी काही, थोडक्यात

एकाच लेखात सगळं कोंबणं. एक प्रश्न, एक लेख.

धंद्यातल्या लोकांसाठी लिहिणं. तुमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर वाहवा झाली, पण त्यातलं कोणी तुमच्याकडे खरेदीला येणार नाही.

स्पर्धकाच्या ब्लॉगची शीर्षकं बघून विषय ठरवणं. त्यांनी ती दुसऱ्या कोणाची तरी बघून ठरवलेली असतात.

विषय डोक्यात ठेवणं. संध्याकाळपर्यंत राहत नाहीत.

तरीही अडलात तर

माझ्याकडे साधी वही असते, एका पानावर एक प्रश्न. प्रश्न गिऱ्हाइकाने ज्या शब्दांत विचारला तसाच लिहायचा, सुधारायचा नाही. खाली तारीख आणि पुन्हा कोणी विचारलं की एक रेघ. ज्या पानावर रेघा जास्त, त्याचा लेख आधी. एक्सेलची शीट करून देणारे खूप भेटतात. शीट करायला हरकत नाही, पण काउंटरवर गर्दी असताना शीट कोणी उघडत नाही, पेन मात्र खिशाला असतं.

वहीसुद्धा कोरी असेल तर आपल्याच व्हॉट्सॲपमध्ये शोधा. सर्चमध्ये 'का', 'किती', 'चालेल का' टाका आणि गिऱ्हाइकांबरोबरचे जुने मेसेज वर सरकवत जा. तुम्ही कधीतरी रात्री एखाद्याला सविस्तर उत्तर टाइप करून किंवा बोलून पाठवलेलं असतं. तो लेख अर्धा लिहून झालेलाच आहे. त्या माणसाचं नाव-गाव काढा, तुटक वाक्यं जोडा आणि टाका. मग त्याची लिंक त्याच माणसाला पाठवून विचारा, यात काही सुटलंय का. तो जे विचारेल ते वहीच्या पुढच्या पानावर.