बॉक्सिंग प्रमोटरचे चरित्र कसे लिहावे

बॉक्सिंगच्या प्रमोटरचे, म्हणजे लढती ठरवून भरवणाऱ्या आयोजकाचे, चरित्र लिहायला घेणाऱ्याने लढतींच्या वर्णनात न गुंतता आधी हिशेब शोधावेत, कारण रिंगणात ठोसे खाणारे दुसरे असतात आणि बुडण्याची जोखीम पत्करून पैसा उभा करणारा हा असतो. अमेरिकी प्रमोटर टेक्स रिकार्ड (१८७०–१९२९) याचे आयुष्य त्यासाठी अभ्यासण्याजोगे आहे.

नेवाडातील गोल्डफिल्ड या खाणगावात दारूचा गुत्ता चालवणाऱ्या रिकार्डने १९०६ मध्ये जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची लढत ठरवली, तेव्हा या धंद्यात त्याला कोणी ओळखत नव्हते. म्हणून त्याने बक्षिसाची तीस हजार डॉलरची सोन्याची नाणी बँकेच्या खिडकीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी रचून ठेवली. असा प्रसंग हाती लागला की तो घाईने उरकू नये. मात्र ४२व्या फेरीत विजयी ठरलेल्या कृष्णवर्णीय विश्वविजेत्या गॅन्सला पराभूत नेल्सनपेक्षा कमी रक्कम मिळाली, हेही त्याच पानावर लिहावे. पुढे हॅरी विल्स या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याची सर्वांत वरच्या वजनगटाचा तेव्हाचा विश्वविजेता जॅक डेम्प्सी याच्याशी लढत कधीच झाली नाही, आणि हा विषय टाळणारे चरित्र माझ्या मते अपुरेच राहते.

प्रेक्षकसंख्येपेक्षा तिकिटांच्या उत्पन्नावर भर द्यावा, कारण गर्दीचे आकडे फुगवले जातात. जर्सी सिटीत २ जुलै १९२१ रोजी डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पेंतिये यांच्या लढतीसाठी लाकडी प्रेक्षागार बांधले गेले आणि सतरा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. एका लढतीने दहा लाखांचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्रमोटर हाही एका अर्थी खेळाचा आश्रयदाताच; पण आश्रयदाता म्हटले की मराठी वाचकाला कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारणारे शाहू महाराज आठवतात, तेव्हा राजाश्रय आणि तिकीटविक्रीवर चालणारा आश्रय यांतला फरक आरंभीच स्पष्ट करावा.

शेवटी त्याने उभारलेल्या वास्तू आणि संस्थांचा मागोवा घ्यावा: न्यूयॉर्कमध्ये १९२५ साली त्याने बांधलेले मॅडिसन स्क्वेअर गार्डन पुढे पाडले गेले, परंतु १९२६ मध्ये त्याच्या पुढाकाराने सुरू झालेला रेंजर्स हा आइस हॉकी संघ आजही खेळतो.