ओपन सोर्स प्रकल्पावर बोलायला व्यासपीठ शोधताय? या चुका टाळा

माझं टूल छोटंसं आहे. डेटाबेसचा बॅकअप खरंच रिस्टोर होतो का, हे ते रोज रात्री वेगळ्या मशीनवर करून बघतं. ते गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय, म्हणून मी गोच्या कॉन्फरन्स शोधत बसलो. प्रस्ताव पाठवले आणि एकामागून एक नकार आले. एका ठिकाणी निवड झाली, तिथेही ऐकणाऱ्यांचे सगळे प्रश्न भाषेबद्दलच होते. बॅकअपच्या काळजीने ज्यांची झोप उडते ते लोक त्या खोलीत नव्हतेच.

प्रकल्प कशात लिहिलाय यावरून व्यासपीठ शोधणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तो कोणाची अडचण सोडवतो आणि ती माणसं कुठे जमतात, तिथून सुरुवात करा. नकाशांचं काम असेल तर फॉसफोरजी आणि स्टेट ऑफ द मॅप, डॉक्युमेंटेशनचं टूल असेल तर राइट द डॉक्स, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अवतीभवतीचं असेल तर पीजीकॉन्फ आणि पीजीडे.

नावं कशी सापडतील? आपल्या जवळपासचे दोन-तीन प्रकल्प घ्या आणि त्यांच्यावरच्या टॉकचे व्हिडिओ शोधा. मथळ्यात किंवा खालच्या वर्णनात कार्यक्रमाचं नाव बहुधा मिळतं. मग त्या कार्यक्रमाची गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं बारकाईने वाचा. कोणत्या प्रकारचे विषय घेतले, किती मिनिटांचे, नवख्यांसाठी की जाणत्यांसाठी, हे तिथे दिसतं. नुसत्या घोषणेतून ते कळत नाही.

कार्यक्रम सापडतो, पण मुदत उलटलेली असते

यामागचं कारण बहुतेक वेळा एकच: आपण कार्यक्रमाची तारीख टिपून ठेवतो, प्रस्ताव पाठवायची नाही. फॉसडेम या ओपन सोर्स कॉन्फरन्सचं उदाहरण घ्या. ब्रसेल्सला जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन दिवस भरतं, प्रवेश मोफत, नोंदणीही लागत नाही. त्यामुळे जानेवारीत बघू असं वाटतं. पण तिथे विषयवार खोल्या असतात, त्यांना डेव्हरूम म्हणतात. प्रत्येक खोलीची टीम वेगळी, प्रस्तावांचं आवाहन वेगळं आणि मुदतही वेगळी. ही आवाहनं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात. खोली चुकली तर चांगला विषयसुद्धा बाहेर राहतो, म्हणून आधी त्या खोलीचं आवाहन शेवटपर्यंत वाचा.

कॉन्फ्स डॉट टेक या साइटवर खुल्या सीएफपींची, म्हणजे प्रस्तावांच्या आवाहनांची, यादी मुदतीसह मिळते. सेशनाइझवरही शोधता येतं. आणखी एक बारीक गोष्ट: मुदतीपुढे ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही) लिहिलेलं असेल तर ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, उणे १२ तासांनुसार मोजतात. म्हणजे त्या तारखेची रात्र संपते तेव्हा यूटीसीनुसार दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२ वाजलेले असतात. आपल्याकडे तारीख बदलली म्हणून हातपाय गाळू नका, आधी हिशेब करा.

प्रस्ताव जातात, नकारच येतात

माझ्या पहिल्या प्रस्तावाचं शीर्षक होतं, ‘आमच्या बॅकअप टूलची ओळख: रचना आणि वैशिष्ट्यं’. खाली फीचर्सची यादी. निवड समितीच्या जागी बसून वाचलं तर ही जाहिरात आहे. जे टूल कोणी ऐकलेलंच नाही, त्याच्या रचनेसाठी अर्धा तास कोण देईल?

नंतर मी शीर्षक बदललं: ‘बॅकअप रोज होत होता, रिस्टोर कधीच केला नव्हता’. पहिल्या परिच्छेदात अडचण, दुसऱ्यात रिस्टोर का फसतो याची तीन कारणं, आणि ऐकणारा परत जाऊन दुसऱ्या दिवशी काय तपासू शकेल हे शेवटी. टूलचं नाव एकदाच आलं. त्यात भर म्हणून दोन ओळी समितीसाठी लिहिल्या: डेमो इंटरनेटशिवाय चालतो, आणि वीस मिनिटांची आवृत्तीही तयार आहे. हा प्रस्ताव घेतला गेला. काही समित्या पहिल्या फेरीत नावं झाकून वाचतात. तिथे वर्णनात स्वतःची किंवा कंपनीची ओळख देऊ नका.

नकार आला तर आयोजकांना नम्रपणे कारण विचारा. सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांचं एक वाक्यही पुढच्या वेळी कामी येतं.

थेट मोठ्या कॉन्फरन्सवर उडी

मीटअपला कमी लेखू नका. त्यांना वर्षभर वक्ते लागतात आणि आयोजक बहुधा शोधातच असतात. आधी एकदा श्रोता म्हणून जा, मग पंधरा मिनिटं मागा. मी मीटअपमध्ये बोलताना एका मित्राला मागे बसवायचो. लोकांनी कुठे थांबवलं, काय पुन्हा विचारलं, एवढंच तो लिहून घ्यायचा. त्या कागदावरून निम्म्या स्लाइड बदलल्या. मोठ्या कॉन्फरन्समध्ये पाच मिनिटांचे लाइटनिंग टॉक असतात. त्यांची नोंदणी बऱ्याचदा तिथेच, त्याच दिवशी होते, तेव्हा पाच मिनिटांची आवृत्ती कायम तयार ठेवा.

निवड झाल्यावरचे घोळ

प्रवासखर्च मिळेलच असं धरू नका. स्वयंसेवकांनी चालवलेल्या कॉन्फरन्समध्ये आर्थिक मदतीचा अर्ज बहुधा वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी. व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागणार असेल तर होकार कळवतानाच मागा. आणि तुमची तोंडभरून स्तुती करून बोलण्यासाठी तुमच्याकडूनच शुल्क मागणारं पत्र आलं, तर मागच्या वर्षीचं वेळापत्रक आणि व्हिडिओ शोधा. सापडले नाहीत तर नाद सोडा.

टॉक रंगला, पण कोणीच पुढे आलं नाही

इथे दोष बोलण्यात क्वचितच असतो. माणूस उत्साहाने रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवलेली जागा, उघडतो, रीडमी या सूचनांच्या फाइलमधली तिसरी कमांड चालत नाही आणि तो टॅब बंद करतो. टॉकच्या आदल्या दिवशी कोऱ्या मशीनवर रीडमी पहिल्यापासून करून बघा. नवख्याला संध्याकाळभरात जमतील असे चार-पाच इश्यू (करायच्या कामांच्या नोंदी) लिहून, लेबल लावून ठेवा. शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’ऐवजी रिपॉझिटरीचा पत्ता आणि त्या इश्यूंचे क्रमांक ठेवा. प्रश्नोत्तरं चालू असताना तीच स्लाइड पडद्यावर राहते आणि लोक तिचा फोटो काढतात.