लेथवर शाफ्ट बरोब्बर मापात कसा काढायचा

समजा ड्रॉइंगवर ३० h6 (लहान h) लिहिलंय. म्हणजे शाफ्ट २९.९८७ ते ३०.००० मिमीच्या मधे यायला हवा, हातात फक्त १३ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). आधी बघा ही टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, नेमकी कुठे मागितलीय, बहुतेक वेळा बेअरिंग बसतं तेवढ्याच भागाला असते, मोकळ्या भागावर तीच मेहनत घ्यायची गरज नाही, जीव कुठे ओतायचा हे कळणं पण कारागिरीच आहे.

मायक्रोमीटर २५ ते ५० चा आणि मायक्रॉन दाखवणारा घ्या, दोन्ही तोंडं पुसून डब्यातल्या २५ मिमीच्या मास्टरवर (पक्क्या मापाच्या तुकड्यावर) झिरो तपासा. माप घेताना रॅचेटच (टोकाची टकटक करणारी छोटी मूठ) फिरवायचं, थिंबल (फिरणारी मोठी नळी) आवळलं की रीडिंग खोटं येतं.

आता सगळ्यात जास्त जॉब जिथे बिघडतात ते, गरम जॉब (मशीनवर लावलेला तुकडा) मोजणं. मापं २० डिग्रीला धरलेली असतात आणि स्टील दर डिग्रीला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३० मिमीचा शाफ्ट ४० डिग्री जास्त गरम असेल तर जवळजवळ १४ मायक्रॉन मोठा दिसणार. अख्खी टॉलरन्स तिथेच गेली! मशीनवर २९.९९५ बघून खूश होता आणि गार झाल्यावर तोच २९.९८१ भरतो, गेला जॉब. म्हणून फिनिशिंगच्या आधी थांबा, पूर्ण गार होऊ द्या, घाई असली तरी.

शेवटी व्यासावर अर्धा मिमी ठेवा आणि तो दोन सारख्या कटमध्ये काढा. पहिल्या पाव मिमीनंतर मोजलं की टूल आणि जॉब किती दबतात ते कळतं, तेवढा फरक दुसऱ्या कटमध्ये धरायचा. शेवटी दोन-तीन मायक्रॉन खरवडत बसू नका, टूल कापत नाही नुसतं घासतं. हँडलचा डायल पुढे गेला तर बॅकलॅशच्या (स्क्रूतल्या ढिलाईच्या) मागे नेऊन परत त्याच बाजूने आणा.

मग दोन्ही टोकांना आणि मधे मोजा, टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळतं झालंय का, ते कळतं. जॉब फिरवून पण मोजा, पण तीन जॉच्या चकमुळे (जॉब धरणाऱ्या पकडीमुळे) आलेला तिकोनीपणा मायक्रोमीटरला दिसतच नाही, त्याला व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायल गेज लावावा लागतो. कडेची बर (कापताना राहिलेली धारदार कोर) काढा, नाहीतर मापात असलेला शाफ्टसुद्धा बेअरिंगमध्ये जाताना ओरखडा पाडतो.