आर्टिकलशिप, तारखा आणि थंडरबर्डची उजवी पट्टी

सीएच्या ऑफिसात आर्टिकल, म्हणजे शिकाऊ सहायक, म्हणून रुजू झालात की पहिल्याच महिन्यात कळतं, इथलं सगळं काम तारखांवर चालतं. ७ तारखेला टीडीएसचा (पैसे देतानाच कापलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचा गोषवारा आणि कर). तिमाही रिटर्नवाल्या क्लायंटची तऱ्हा वेगळी, महाराष्ट्रात त्यांचं ३बी २२ तारखेला. मार्चचा टीडीएस मात्र ३० एप्रिलपर्यंत चालतो. हे सगळं डोक्यात ठेवायचा अट्टहास करू नका.

आमच्याकडे मेलसाठी थंडरबर्ड आहे आणि ते दिवसभर उघडंच असतं. त्यात कॅलेंडरची एक पट्टी आहे, 'टुडे पेन'. एफ११ दाबलं की उजवीकडे उघडते, पुन्हा दाबलं की मिटते. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून कॅलेंडर थंडरबर्डमध्येच मुरलेलं आहे, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही.

पट्टीत काय दिसावं हे 'व्ह्यू' मेनूतल्या 'टुडे पेन'मध्ये ठरवता येतं. मेनूच दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. वर छोटा महिना ठेवा किंवा फक्त आजची मोठी तारीख. खाली इव्हेंट्स आणि टास्क. मी महिनाच ठेवतो, कारण क्लायंट फोनवर "पुढच्या गुरुवारी येऊ का?" विचारतो तेव्हा तारीख समोर असते. मेल, कॅलेंडर आणि टास्क या तिन्ही ठिकाणी पट्टी उघडी की बंद हे वेगवेगळं लक्षात राहतं. कॅलेंडरच्या टॅबमध्ये ती बंद ठेवा, तिथे नुसती जागा खाते.

आता खरा मुद्दा. सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरमध्ये कोंबू नका. मी तीन केली आहेत: कायद्याच्या मुदती लाल, ऑफिसच्या आतल्या तारखा निळ्या, आणि माझा अभ्यास, क्लास, परीक्षा हिरव्या. कॅलेंडरच्या यादीत जे दाखवायचं नाही ते लपवलं की पट्टीतूनही जातं. ऑडिटच्या दिवसांत मी हिरवं लपवतो, परीक्षेच्या रजेत निळं.

लाल तारखेपेक्षा निळी जास्त मोलाची. २० ला ३बी भरायचं असेल तर विक्री-खरेदीची आकडेवारी क्लायंटकडून केव्हा मागवायची, २बीशी (पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या पत्रकाशी) जुळवणी केव्हा करायची, सरांकडे तपासणीला केव्हा द्यायचं, हे सगळं निळ्यात लिहा. २० तारीख नुसती बघत बसल्यानं रिटर्न भरलं जात नाही. शेवटच्या दिवशी पोर्टल किती हळू चालतं ते तुम्हाला दिसेलच.

दर महिन्याच्या तारखा 'रिपीट' लावून एकदाच टाका. मुदतवाढ आली की त्या महिन्याची नोंद उघडा. फक्त हीच बदलायची की सगळी मालिका, असं विचारलं जातं. फक्त हीच निवडा, नाहीतर पुढचे सगळे महिने सरकतील. आणि मुदतवाढ फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर कधीच धरू नका. अधिसूचना स्वतः वाचा, मगच तारीख हलवा.

क्लायंटचा मेल आला, "सोमवारपर्यंत बँक स्टेटमेंट पाठवतो", तर त्या मेलवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू'मधून टास्क करा. मेलचा विषयच टास्कचं शीर्षक होतो, तुम्ही फक्त सोमवार घाला. मुदत उलटली की टास्क पट्टीत लाल होतं, मग आठवणीचा फोन करायला कुणी सांगावं लागत नाही.

आठवण करून देणारी खिडकी थंडरबर्ड चालू असेल तरच येते. त्यामुळे सकाळी मशीन सुरू केलं की टॅलीच्याही आधी ते उघडा, आणि साइटवर ऑडिटला जायचं असेल तर त्या आठवड्याच्या लाल-निळ्या तारखा डायरीत उतरवून न्या.